नेत्याची बुद्धी आणि चारित्र्य जोखताना आपला पक्ष आड येतो का?

प्रश्न : मृण्मय

आमच्या वाचनमंडळात मागच्या महिन्यात इंदिरा गांधींच्या कारकिर्दीवर चर्चा झाली. १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असताना इंदिराबाईंनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करण्याचा पुरस्कार केला आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. मंडळातल्या अर्ध्या लोकांना ही मुत्सद्देगिरी वाटली, तर उरलेल्यांना विश्वासघात. पुढे विषय महाराष्ट्राकडे वळला आणि १९७८ साली शरद पवारांनी वसंतदादा पाटलांच्या सरकारातून बाहेर पडून पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दलाचे) सरकार स्थापन केले, त्याची आठवण निघाली. तेव्हा दोन्ही गटांनी आपापले शब्द चक्क अदलाबदल केले. मघाशी मुत्सद्देगिरी म्हणणारे आता पाठीत खंजीर खुपसल्याची भाषा करत होते आणि विश्वासघात म्हणणारे राजकीय चातुर्याचे कौतुक करत होते.

मीही त्यांतलाच एक होतो, हे घरी परतल्यावर लक्षात आले आणि मनाला लागले. ज्या नेत्याचा पक्ष आपल्याला पटत नाही, त्याची हुशारी आपल्याला लबाडी वाटते आणि ज्याचा पक्ष पटतो त्याची लबाडीसुद्धा हुशारी वाटते. असे असेल तर नेत्याच्या बुद्धीविषयी आणि चारित्र्याविषयी आपण जे बोलतो त्याला काही अर्थ उरतो का? निवाडा करण्याची काही प्रामाणिक रीत आहे का?

उत्तर १ : वारणाकाठचा

आपण वसंतदादांचे नाव काढलेत म्हणून लिहितो. आमच्या भागात त्यांच्याविषयी दोनच प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला राज्याचा कारभार काय कळणार. दुसरे म्हणतात, दादांसारखा शहाणा माणूस झाला नाही. दोघांच्याही बोलण्यात शाळेचाच दाखला असतो, कामाचा नसतो.

काम पाहायचे तर १९८३ सालचा विनाअनुदान तत्त्वावरील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा निर्णय घ्यावा. तोपर्यंत महाराष्ट्रात जागा इतक्या थोड्या होत्या की ज्यांना परवडत असे ते आपल्या मुलांना देणग्या भरून कर्नाटकात पाठवत. सरकारच्या तिजोरीत नवी महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता, म्हणून संस्थांना स्वतःच्या बळावर ती काढू द्यावीत, हे गणित दादांनी मांडले. त्यातून तालुक्यातालुक्यांतली मुले इंजिनिअर झाली, आणि त्यातूनच देणग्यांचा बाजार आणि शिक्षणसम्राटांचा वर्गही उभा राहिला. ह्या निर्णयावर कडाडून टीका करता येते व मनापासून स्तुतीही करता येते, परंतु दोन्ही करताना दादा किती इयत्ता शिकले होते ह्याचा काडीचाही उपयोग होत नाही. निर्णय घेताना माणसासमोर कोणती माहिती होती, कोणते पर्याय होते आणि त्याने पुढचे किती पाहिले, एवढ्यावरच बुद्धी जोखावी असे मला वाटते.

चारित्र्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडताना ज्याने गोळी झेलली त्याच्या धैर्याविषयी शंका घेता येत नाही, पण म्हणून त्याचे पुढचे सगळे निर्णय बरोबर होते असेही ठरत नाही.

उत्तर २ : अरुंधती

मी मानसशास्त्र शिकवते. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना फाशीच्या शिक्षेविषयीचे दोन अभ्यास वाचायला दिले होते, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. विद्यार्थ्यांत निम्मे फाशीचे समर्थक होते आणि निम्मे विरोधक. प्रत्येकाला आपल्या मताचा अभ्यास भक्कम वाटला, दुसऱ्यात त्रुटी दिसल्या, आणि एकच मजकूर वाचूनही दोन्ही गट आपापल्या मतावर अधिक घट्ट झाले. आपल्या मंडळात घडले ते ह्याहून फार निराळे नाही. वाचन दांडगे असले म्हणजे माणूस ह्यातून सुटतो असे समजू नये. वाचलेल्या माणसाला आपल्या बाजूची कारणे अधिक सुबकपणे मांडता येतात, एवढेच.

शिवाय पूर्वग्रहाची किंमत बऱ्याचदा पूर्वग्रह धरणाऱ्यालाच मोजावी लागते. १९६६ साली इंदिराबाई पंतप्रधान झाल्या तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी त्यांना ‘गुंगी गुडिया’ (मुकी बाहुली) म्हटले आणि त्यांच्याच पक्षातल्या सिंडिकेटच्या, म्हणजे पक्षावर पकड असलेल्या ज्येष्ठांच्या गटाच्या, पुढाऱ्यांनी ही बाई आपल्या मुठीत राहील असा हिशेब केला. बाई आहे, सभागृहात अडखळते, म्हणजे तिला राजकारण कळत नाही, असा तो तर्क होता. १९६७ च्या निवडणुकीत सिंडिकेटमधले कामराज आणि स. का. पाटील स्वतःच पराभूत झाले, तरी तो हिशेब कोणी तपासून पाहिला नाही. १९६९ साली पक्ष फुटला आणि १९७१ साली इंदिराबाईंच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या.

उत्तर ३ : एक जुना वाचक

अरुंधतीताईंचे म्हणणे मान्य करूनही एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. माझे वडील समाजवादी होते आणि आणीबाणीत ते तुरुंगात होते. आमच्या घरात इंदिरा गांधींच्या चारित्र्याविषयी जे मत बनले, त्याला कोणी पूर्वग्रह म्हटले तर मला ते सोसवत नाही. २५ जून १९७५ च्या रात्रीनंतर माणसे विनाचौकशी डांबली गेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती झाली. हे सारे नोंदलेले आहे, पक्षभेदाने ते बदलत नाही. ज्याला झळ बसली त्याचे मत एकांगी म्हणून बाजूला सारणे हासुद्धा अन्यायच आहे.

तरीही वडिलांनी १९७१ च्या बांगलादेश युद्धाचे श्रेय इंदिराबाईंना कधी नाकारले नाही. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित देशात आलेले असताना घाईने युद्धात न उतरता लष्कराचा सल्ला मानणे, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार करणे आणि हिवाळ्यापर्यंत थांबणे, ह्याला ते अव्वल दर्जाची बुद्धी म्हणत. त्याच बाईंनी १९७७ साली आपण जिंकू ह्या खात्रीने निवडणूक जाहीर केली आणि त्या रायबरेलीतही हरल्या. वृत्तपत्रांचे तोंड बांधल्यामुळे खरी बातमी त्यांच्यापर्यंतच पोचली नाही, असे वडील सांगत, आणि मला वाटते की इथे त्यांच्या स्वभावातल्या दोषाने त्यांच्या बुद्धीलाच आंधळे केले. म्हणून बुद्धी आणि चारित्र्य हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे वारणाकाठच्या मित्राचे मत मला पूर्णपणे पटत नाही.

मृण्मय

तिघांचेही आभार. पुढच्या बैठकीत १९६९ आणि १९७८ ह्या दोन्ही घटना नावे आणि पक्ष वगळून, फक्त कोणी कोणाला कोणता शब्द दिला होता आणि तो कसा मोडला एवढेच लिहून, सगळ्यांसमोर ठेवणार आहे. प्रत्येकाने आपला निवाडा आधी कागदावर लिहून द्यावा, नावे त्यानंतर सांगावीत, असा विचार आहे. काय होते ते इथे कळवीन.