मिशनच्या वसतिगृहात श्रमदान: काय करावं, किती लागतं, कुठे फसतं

सांगली-मिरज आणि सातारा-वाई या पट्ट्यात मिशनच्या शाळा आणि मुलांची वसतिगृहं जुनी आहेत. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं केलं, त्याच्या आगेमागे या भागात मिशनची कंपाउंडं वसत गेली. जाड दगडी भिंती, मंगलोरी कौलं, मधे चौक आणि त्यात पुढच्या काळात कसेबसे घुसवलेले नळ आणि वायरी. दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा, चर्चच्या मंडळीचा किंवा कंपनीचा गट रंगाचे डबे घेऊन अशा ठिकाणी पोचतो. भिंत रंगते, फोटो निघतात आणि जूनमध्ये त्याच भिंतीवरून पाणी उतरतं.

म्हणून हा धागा. ज्यांनी अशी कामं केली आहेत किंवा करून घेतली आहेत, त्यांनी मापं, माल आणि क्रम लिहावा. भाषणं नकोत, काम लिहा.

मिरज, कौलारू कामं

सुरुवात वरून. छप्पर झाल्याशिवाय खाली ब्रश लावू नये.

मंगलोरी कौल शंभर चौरस फुटांना साधारण १४० लागतं. मोडतोड धरून दहा टक्के जास्त आणावं. पण खरी अडचण संख्येची नाही, खाचेची आहे. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, पुढे इतरांनीही काढले, आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. जुन्या कौलांत नवं कौल मधेच बसवलं की ते एका कडेला अर्ध्या सुताने उचललेलं राहतं. खालून दिसत नाही; वाऱ्याचा पाऊस आला की तिथूनच आत येतो. उपाय सोपा आहे. छपराच्या दोन्ही पाख्यांवरची, म्हणजे उतारांवरची, कौलं उतरवा, चांगली जुनी कौलं सगळी एका पाख्यावर चढवा, नवी सगळी दुसऱ्यावर. आठ-दहा माणसांचा गट असेल तर हातोहात कौलं देण्यासाठी तो उत्तम. वर मात्र दोनच जण, तेही सवयीचे.

कौलाच्या मध्यावर पाय देऊ नये. रिपेवर (कौलांखालच्या आडव्या पट्टीवर) जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात तिथेच द्यावा, किंवा आडवी शिडी टाकून तिच्यावरून चालावं. रिपांचं अंतर टेपवरून ठरवू नका. हातातलं कौल लावून, त्याची खालची नाकं रिपेला अडकतात का ते बघून खुणा करा.

कौलं उतरली की वाशांची टोकं भिंतीत जातात तिथे हातोडीने ठोकून बघायचं. भदभद आवाज आला तर वाळवी. तो वासा बदलूनच पुढे जायचं. नुसतं औषध मारून वर कौलं चढवणं म्हणजे दोन वर्षांनी हेच काम पुन्हा.

आढ्यावरची (छपराच्या शेंड्यावरची) कौलं निव्वळ सिमेंटमध्ये बसवतात, तिथे हमखास चीर जाते, कारण लाकूड हलतं आणि सिमेंट हलत नाही. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा माल थोडं सोसतो.

सांगली, नदीकाठचा भाग

पुरात बुडालेल्या भिंतींबद्दल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. नदीकाठच्या विटांच्या भिंतींत तेव्हापासून लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर वर येणारं मीठ. अशा भिंतीला प्लास्टिक रंग लावणं म्हणजे ओल आत कोंडणं. सहा महिन्यांत रंग पापडासारखा सुटतो.

आधी ओल बघा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम आला असेल तर रंगाचा विषय संपला. गिलावा ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत खरवडून काढायचा, विटांमधल्या फटी अर्धा-पाऊण इंच खोल कोरायच्या आणि भिंत उघडी ठेवायची. वर आलेलं पांढरं मीठ कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकायचं. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की तेच मीठ परत विटेत जातं. श्रमदान करणारे उत्साहाने पाइप लावून भिंत धुतात, तिथेच घोटाळा.

मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. चुना जागेवर विरवा, एक किलोला साधारण पाच लिटर पाणी, एक दिवस मुरू द्या, फडक्यातून गाळा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. पातळ तीन हात द्यायचे, एक जाड हात नाही. चुना विरताना उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि पोरं लांब.

मुख्य वीज बोर्ड आणि धान्याची कोठी २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर. खोलीत जागा नसेल तर जिन्यात न्या.

सातारा, प्लंबिंग

वसतिगृहाला माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, दिवसाच्या शाळेला ४५. म्हणजे ६० मुलांना ८,१०० लिटर. देणगीत आलेली हजार लिटरची एक टाकी चढवून ‘पाण्याची सोय केली’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करावा.

टाकीचा बाहेर जाणारा नळ तळापासून चार इंच वर, आणि गाळ काढायला अगदी तळाशी वेगळा नळ. हा तळाचा नळ जवळपास कुणी लावत नाही, मग टाकी धुवायला मुलाला आत उतरवतात.

मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक पाइप चिकटवायचं सोल्युशन सांधा बसवायच्या आत सुकतं. म्हणून जोडकाम सकाळी दहाच्या आत. पाइप आणि फिटिंग दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा, दोघांनाही सोल्युशन लावा, पाव वळसा देत शेवटपर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट हाताने दाबून धरा. सोडलंत तर पाइप मागे सरकतो आणि तो सांधा पुढे झिरपतो. यूपीव्हीसी (थंड पाण्याचा) आणि सीपीव्हीसी (गरम पाण्याचा) पाइप, दोघांचं सोल्युशन वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

मुलं नळाला लोंबकळतात. ते धरूनच चालायचं. नळापाशी प्लास्टिकचा नाही, पितळी किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) तुकडा घ्या आणि नळापासून सहा इंचांच्या आत भिंतीला क्लँप मारा. बोअरच्या पाण्यात वाळू असते, त्यामुळे पाव फेऱ्यात उघडणारा महागडा नळ वर्षभरात गळायला लागतो. साधा वायसरचा नळ घ्या, वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि मोठी मुलंसुद्धा बदलू शकतात. हात धुण्याची एक रांग बारक्यांसाठी दोन फूट उंचीवर, दुसरी अडीच फुटांवर.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर: चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते थेंब टाकून बघणं. नळाच्या पाण्याला पिवळी झाक हवी. झाक आली नाही तर बहुतेक वेळा पावडर जुनी असते. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात मरते, झाकणाच्या डब्यात ठेवा.

तासगाव, शौचालयाची कामं

दोन खड्ड्यांचं शौचालय कागदावर छान. काळ्या मातीत मात्र खड्डा पाणी शोषत नाही, पावसाळ्यात माती फुगते आणि पाणी उलटं भांड्यात दिसतं. तिथे खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळूचा थर द्या आणि खड्डे मोठे घ्या, नाहीतर सरळ सेप्टिक टँक बांधा आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात न्या, गटारात नाही. विहीर किंवा बोअरपासून अंतर निदान १५ मीटर.

भांडं तीव्र उताराचं घ्या. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, शहरी भांड्याला पाच-सहा लागतं, आणि मूल एवढं ओतत नाही. फिनेल आणि ॲसिडचा मारा करू नका, खड्ड्यातले जंतू मरतात आणि मैला कुजत नाही.

मुलींच्या बाजूला आतून कडी, पिशवी अडकवायला हुक, झाकणाचा डबा. दिव्याचं बटण शौचालयात नाही, झोपायच्या खोलीच्या दाराशी. रात्री अंधारात चालत जाऊन दिवा लावायचा असेल तर मुली पाणीच पिणं बंद करतात.

वायरमन, कुपवाड

थोडक्यात. ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) लावा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला कुणालातरी नेमून द्या. दिव्यांना दीड, सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर. आणि दुमजली पलंग दान करणाऱ्यांनी आधी छताकडे बघावं! वरच्या पलंगावर मूल उठून बसलं की हात छताच्या पंख्यात. अशा खोलीत जाळीचे भिंतीवरचे पंखे.

याच पलंगांबद्दल, इस्लामपूरहून

वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या वर निदान पाच इंच हवा. कठडा दोन इंची गादी धरून वेल्डिंग केलेला असतो, मग कुणीतरी पाच इंची फोमच्या गाद्या देतं आणि कठडा गायब. गादी आणि पलंग एकत्र ठरवा. सहा वर्षांखालचं मूल वर नको. पायांना रबरी टोप्या, नाहीतर शहाबादी फरशीवर रात्रभर किरकिर.

वसतिगृहाचं व्यवस्थापन सांभाळणाऱ्या ताई, सातारा जिल्हा

वरची सगळी कामं बरोबर, पण गट येण्याआधीचं कुणी लिहिलं नाही.

निराधार मुलं असतील तर ती संस्था बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंदलेली असावी लागते. येणाऱ्यांनी नोंदणी विचारावी, त्यात अपमान नाही. याच कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. भिंतीचे फोटो काढा, नळाचे काढा, मुलांचे चेहरे नकोत. कुणीही बाहेरचा माणूस मुलासोबत एकटा बंद खोलीत नको, मग तो पाळकसाहेबांचा पाहुणा का असेना. काही खटकलं तर चाइल्डलाइनला १०९८ वर फोन.

दहावीच्या परीक्षेत ठोकाठोकी नको. मे किंवा दिवाळीची सुट्टी बरी. रविवारी सकाळी उपासना असते, काम दुपारनंतर. नाताळच्या आठवड्यात प्रत्येकाला यायचं असतं आणि फेब्रुवारीत कुणीच नसतं, हेही लक्षात घ्या. मुलांना सिमेंटच्या पाट्या उचलायला लावू नका. झाडांना पाणी घालू देत.

पैशांबद्दल. माल गावातल्या दुकानातून आणि बिल संस्थेच्या नावावर, म्हणजे वायसर बदलायला पुढेही तोच दुकानदार असतो. परदेशातला पैसा खिशातून काढून द्यायचा नसतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालच्या) खात्यातच यावा लागतो. जाताना दोन गोष्टी ठेवा. एक, कुठून कुठे पाइप आणि वायर गेली याचा हाताने काढलेला नकाशा, ऑफिसच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून. दोन, एक डबा: अर्ध्या इंचाचे २० वायसर, दोन नळ, टेफलॉन टेप, एक कॉक, पान्हा, आणि जिथला रंग लावला त्याचा शेड नंबर लिहिलेली चिठ्ठी.

मिरज, कौलारू कामं (पुन्हा)

ताईंच्या डब्यात भर. पन्नास जुनी कौलं भिंतीला टेकवून उभी रचून ठेवा, आडवी नाही, आडव्या थप्पीत खालची तडकतात. वाईकडे माकडं असतात, तिथे शंभर ठेवा.