घड्याळ दहा मिनिटं पुढे केल्यानं मूल वेळेवर निघतं का?

तिलकनगरकर
कालच्या पोस्टीतला सल्ला असा: घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे करा, पंधरा कामांचा तक्ता भिंतीवर लावा, आठवड्यात मूल सरळ. साफ चूक! आठ वर्षांच्या मुलाला वजाबाकी येते. चौथ्या दिवशी ते सहा-वीस बघून 'म्हणजे सहा-दहाच' म्हणतं आणि पांघरूण ओढतं.
बसपासून मागे मोजा. बस ७:०५, चपला ६:५५, खाणं ६:४०, आंघोळ ६:२५, उठणं ६:१०. दप्तर, गणवेश, मोजे रात्रीच एका जागी. मोजे विशेषतः. सकाळी घर उलटंपालटं होतं ते दुसऱ्या मोज्यापायी. तक्त्यावर पाचच ओळी, चित्रांसकट. सहावी आली की मूल तक्त्याकडे बघत नाही.

लिंबूशेव
उन्हाळ्यात ठीक आहे भिया. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आपलं इंदूर शहात्तरच्याही अलीकडे. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण साडेसव्वीस मिनिटं मागे. जानेवारीत उजाडतं सातनंतर. ६:१० ला अंधारात उठवलेल्या मुलाला आळशी म्हणायचं? आधी खोलीतला दिवा लावा, रात्री नऊला झोपवा. रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊ घालायचा आणि सकाळी शिस्त!

पाढेवाल्या बाई
दुखणं वेगळंच आहे. घरी 'पावणेआठ', शाळेत 'क्वार्टर टू एट', मोबाइलवर ७:४५. तिसरीतलं मूल त्यातलं 'आठ' तेवढं पकडतं आणि आठ वाजून गेले असं समजतं. ज्याला वेळ वाचता येत नाही, तो सांभाळणार काय? काट्यांचं घड्याळ लावा, काचेवर बोर्डाच्या मार्करनं पाऊण तासाचा पट्टा रंगवा. मोठा काटा पट्ट्याबाहेर गेला की अभ्यास संपला. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ असायचे तेव्हा हे रंगवावं लागत नव्हतं.

तिलकनगरकर
बाई, पाऊणकी कुणी मागितली? विषय दप्तराचा चाललाय.

पाढेवाल्या बाई
७:०५ नं सुरुवात तुम्हीच केलीत. आणि इथली अर्धी मराठी घरं हिंदीतलं 'पौने आठ' म्हणतात, त्याचं काय?

भर_दुपारी
झालं, आता भाषा बुडणार. अहो, टायमर कुणी बोलेल का? स्वयंपाकघरातला चावीचा घ्या. मोबाइलवर लावला की मूल टायमर सोडून व्हिडिओत जातं. पंचवीस मिनिटं काम, पाच विश्रांती ही पोमोडोरो नावाची पद्धत इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलोनं स्वतःच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी काढली. सात वर्षांच्या मुलाला दहा-बारा मिनिटं पुष्कळ. टिकटिकीनं पोटात गोळा येत असेल तर वाळूचं घड्याळ.
आणि वहीत दोन रकाने: अंदाज, प्रत्यक्ष. चित्रकलेचा अंदाज १०, प्रत्यक्ष ३५. आठवडाभरात अंदाज सुधारायला लागतो. आकड्यावरून रागावायचं मात्र नाही, नाहीतर प्रत्यक्षच्या रकान्यातही १० च येतात.

लिंबूशेव
पंचवीस मिनिटांचं नवल काय? आपली घटिका २४ मिनिटांची, दिवसाला साठ. पातळ वाटीच्या तळाला सुईनं भोक पाडा, बादलीत तरंगवा. वेळ बुडताना दिसते. भोक मोठं झालं तर मेणानं बुजवून पुन्हा पाडा.

तिलकनगरकर
सकाळी सहाला बादलीत वाटी! आंघोळीचं पाणी कुठे तापवायचं?

लिंबूशेव
संध्याकाळच्या अभ्यासाला म्हणतोय. पोस्ट वाचायलाही टायमर लावावा लागेल तुम्हाला.

तिलकनगरकर
बरं, वही मानली. काचेवरचा पट्टाही मानला. पाऊणकी नाही.

पाढेवाल्या बाई
मग तुमचं ६:५५ चपलांच्या वेळी मुलाला मराठीत सांगणार कसं?

तिलकनगरकर
'सातला पाच कमी.' झालं समाधान? आता तक्त्याच्या सहाव्या ओळीत पाऊणकी लिहितो.

भर_दुपारी
आणि मोजे?