एका पायाने सायकल चालवणाऱ्या स्पर्धकाचा बंदिस्त सर्किटवरील सराव : वळणांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ पॅरासायकलिंग, म्हणजे दिव्यांगांची स्पर्धात्मक सायकलिंग करतो. अपघातानंतर त्याचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. कृत्रिम पाय न लावता तो केवळ उजव्या पायाने सायकल चालवतो आणि सी२ या वर्गात मोडतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीसाठी आम्ही पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, रविवारी सकाळी कारखान्यांची वर्दळ नसताना, अंतर्गत रस्त्यांचा एक चौकोन दोन्ही टोकांना अडवून तेथे फेऱ्यांच्या शर्यती सुरू केल्या आहेत. सोबतचे सगळे स्पर्धक धडधाकट असून स्थानिक क्लबांतले आहेत. त्या शर्यतींत जी अडचण वारंवार येत आहे, तिच्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या दुचाकी सायकलवर भाग घेणाऱ्यांचे सी१ ते सी५ असे पाच वर्ग असतात आणि आकडा जितका लहान तितकी शारीरिक मर्यादा अधिक. हँडसायकल, तीनचाकी आणि दृष्टिहीनांची जोडसायकल यांचे वर्ग वेगळे आहेत. पॅरालिंपिकमध्ये पुरुषांची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) सी२ वर्गाची स्वतंत्र असते, परंतु रोड रेसमध्ये सी१, सी२ आणि सी३ हे तिन्ही वर्ग एकत्र सोडले जातात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. फुजी स्पीडवे या मोटारशर्यतींच्या सर्किटवर सी२ टाइम ट्रायलचे सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन हिक्स यांनी मिळवले आणि तेही एकाच पायाने सायकल चालवतात. रोड रेसमध्ये मात्र पहिले दोघे सी३ वर्गातले होते आणि तिसरे आलेले फ्रान्सचे अलेक्सांद्र लेओते सी२ वर्गातले असले तरी दोन्ही पायांनी पॅडल मारणारे आहेत. एकट्याने वाऱ्याशी झुंजताना जे बळ पुरते, ते घोळक्यात पुरत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. भावाच्या बाबतीतही अगदी तेच घडते आहे.

मोकळ्या महामार्गावर हा सराव का करत नाही, असा प्रश्न कोणी विचारण्याआधीच सांगतो की, घोळक्यात वारा कमी लागावा म्हणून दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर राहण्याचा सराव ट्रकांच्या शेजारी करणे आम्हाला मान्य नाही. २०१२ मध्ये लंडन पॅरालिंपिकच्या वेळी ब्रँड्स हॅचच्या सर्किटवर हँडसायकलची दोन सुवर्णपदके जिंकणारे अलेक्स झनार्दी २०२० मध्ये इटलीत खुल्या रस्त्यावरच ट्रकला धडकून गंभीर जखमी झाले होते. इतक्या कसलेल्या माणसालाही जिथे अपघात टाळता आला नाही, तिथे आम्ही नवखे.

आता मूळ अडचण. आमच्या चौकोनात चारही वळणे डावीकडची आहेत. वळणावर सायकल आत झुकते तेव्हा आतल्या बाजूचे पॅडल जमिनीला घासू नये म्हणून ते वर आणि बाहेरचे खाली ठेवायचे, हा सर्वमान्य नियम भाऊही पाळतो. त्यामुळे डाव्या वळणावर त्याचा उजवा, म्हणजे एकुलता एक पाय तळाशी असतो. तोल छान राहतो, पण वळण संपताच बाकीचे स्पर्धक वर असलेल्या डाव्या पायाने पहिला जोरकस दाब देतात, तर याला आधी पाय तळापासून वर ओढून आणावा लागतो आणि मगच दाब देता येतो. क्लीट (बूट पॅडलमध्ये अडकवणारी खाच) असल्यामुळे ओढता येते, हे खरे. तरीही पॅडलच्या त्या अर्ध्या फेऱ्यात पुढच्याचे चाक सायकलभर लांब जाते. त्याला उभे राहून वेग घेता येत नसल्याने ते अंतर सीटवर बसूनच भरून काढावे लागते आणि अंतर मिटते न मिटते तोच पुढचे वळण येते. एकेका वळणाचा तोटा किरकोळ वाटतो, पण शर्यतीच्या उत्तरार्धात मांडीचा मागचा स्नायू पार थकतो आणि तो घोळक्यातून मागे पडतो. सपाट सरळ रस्त्यावर तोच मुलगा त्याच घोळक्याबरोबर आरामात टिकतो.

वळणाआधी हलका गिअर घेऊन पाहिला, त्याने थोडा फरक पडला. सायकलीबद्दल माहिती हवी असल्यास, डाव्या क्रँकवरचे (पॅडल ज्या दांड्यावर बसते तो) पॅडल काढलेले आहे, क्रँक तसाच ठेवला आहे आणि मांडीचा उरलेला भाग न बांधता नुसता टेकवण्यासाठी सीटजवळ आधार आहे. वळणानंतरचा हा तोटा कमी करण्यासाठी काय करावे, आणि धडधाकट स्पर्धकांबरोबरच्या सराव शर्यतीची आखणी कशी केल्यास त्याला खरा उपयोग होईल, याबद्दल आपले अनुभव कृपया सांगावेत.

प्रतिसाद १

आपण अडचण नेमकी मांडली आहे आणि माझ्या मते तिचे उत्तर आपल्याच मजकुरात आहे. पॅडल वर ठेवण्याचा नियम आतल्या बाजूचे पॅडल जमिनीला लागू नये यासाठी आहे. आपल्या भावाच्या सायकलीला डाव्या बाजूला पॅडलच नाही! नुसता क्रँक फ्रेमला लागून फिरतो आणि डावीकडे झुकल्यावर उजवे पॅडल तर जमिनीपासून आणखी दूर जाते. म्हणजे डाव्या वळणावर, जिथे इतरांना पाय थांबवावेच लागतात, तिथे तो पाय न थांबवता पॅडल मारत राहू शकतो. जो तोटा आपण सांगता तो पाय थांबवल्यामुळे होतो. पाय फिरताच राहिला तर तळापासून ओढण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. एका पायाने मारताना जोर झटक्याझटक्याने येतो, आणि झुकलेल्या अवस्थेत मागच्या चाकाला झटका बसला तर ते घसरू शकते. म्हणून हलक्या गिअरमध्ये, पाय भरभर पण हलकेच फिरवत, आधी एकट्याने आणि कमी वेगात हे घोटवावे. पावसाळी किंवा वाळू असलेल्या रस्त्यावर हे मुळीच करू नये. दुसरे असे की मागून येणाऱ्यांना त्याच्या पॅडल मारत राहण्याची कल्पना द्यावी, नाहीतर वळणात अचानक त्याचा वेग वाढलेला पाहून गोंधळ होतो.

उजव्या वळणावर हा लाभ नाही. तिथे पाय वरच ठेवावा लागेल आणि तोल कच्चा राहील. परंतु बाहेर पडताना पहिलाच फेरा दाबाचा मिळेल. स्पर्धेचा मार्ग दोन्ही प्रकारच्या वळणांचा असू शकतो, म्हणून आपला चौकोन एका रविवारी उलट दिशेनेही फिरवावा. रस्ता अडवलेलाच आहे, तेव्हा दिशा बदलायला हरकत नसावी.

प्रतिसाद २

आखणीबद्दल थोडे. सगळ्यांना एकदम सोडून शेवटी कोण जिंकले एवढेच पाहिल्यास आपला भाऊ मागे पडल्यानंतर उरलेला वेळ एकट्यानेच फिरणार आणि त्यात घोळक्याचा सराव शून्य होईल. त्यापेक्षा त्याला थोडे आधी सोडावे, बाकीच्यांनी पाठलाग करावा, आणि त्यांनी गाठल्यानंतर त्यांच्यात टिकून राहणे हेच त्याचे उद्दिष्ट ठेवावे. तसेच, वळणात शिरताना तो घोळक्याच्या पुढच्या भागात असला पाहिजे. मग थोडे मागे सरकला तरी तो घोळक्यातच राहतो. शेपटाला राहून वळणात शिरणाऱ्याला पुढच्यांच्या ब्रेकचा आणि नंतरच्या धावेचा सगळा फटका बसतो, मग पाय एक असो वा दोन. प्रत्येक वळणावर शिट्टी घेतलेला माणूस आणि वैद्यकीय मदतीची सोय असल्याशिवाय शर्यत सुरू करू नये, हे आपण पाळत असालच.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅडल मारत राहण्याचा विचार आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. भावाला वाचून दाखवला तेव्हा त्याने लगेच सायकल डावीकडे झुकवून क्रँक आणि फरशी यांतले अंतर हाताने मोजून पाहिले. येत्या रविवारी वसाहतीतल्या मोकळ्या वाहनतळावर एकट्याने सुरुवात करतो आणि जमले तर पाठलागाची पद्धतही वापरतो.

एक प्रश्न राहतो. एकत्रित सुरुवातीच्या वेळी त्याचा एकमेव पाय क्लीटमध्ये अडकवलेला असावा लागतो, म्हणून आम्ही मागून कोणीतरी सीट धरून उभे राहतो. धरणाऱ्याकडून किंचितही ढकलले जाऊ नये यासाठी कोणती पद्धत योग्य, आणि पंच अशा वेळी नेमके काय पाहतात, हे एखाद्या अनुभवी पंचाने किंवा प्रशिक्षकाने सांगितल्यास फार उपकार होतील.