फक्त एका लिनक्स पीसीवर एकच साईट उघडत नाही, बाकी घरात सगळीकडे चालते. कुठून तपासू?

साधा_वापरकर्ता
उबुंटू २४.०४, डेस्कटॉप केबलने राउटरला जोडलेला. फायबर, पीपीपीओई कनेक्शन (राउटर प्रोव्हायडरकडे लॉगिन करतो तो प्रकार). सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती ज्या साईटवरून निघते, ती फक्त या मशीनवर उघडत नाही. फायरफॉक्स आणि क्रोमियम दोन्हींत चकती फिरत राहते. कधी दुसऱ्या-तिसऱ्या रीलोडला उघडते, थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याच राउटरवर दोन फोन आणि एक विंडोज लॅपटॉप आहे, तिथे पहिल्या फटक्यात उघडते. पिंग व्यवस्थित जातो. कॅश आणि कुकीज साफ करून झाल्या, प्रायव्हेट विंडोतही फरक नाही. फॉरमॅट न मारता सुटेल असं सांगा.

मिंटवाली
आधी स्वस्तातल्या गोष्टी संपवू. (कमांड देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाका.)

'कॅट /ईटीसी/होस्ट्स' करून त्या साईटचं नाव आत कुठे पडलंय का बघा. जाहिराती अडवायच्या याद्या किंवा जुन्या चाचणीची एखादी ओळ तिथे राहून जाते आणि डीएनएसच्या (साईटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आधी तीच लागू होते. मग 'गेटएंट एहोस्ट्स साईटचं-नाव' चालवा आणि आलेले पत्ते 'डिग @१.१.१.१' च्या उत्तराशी ताडून बघा. 'एनव्ही | ग्रेप -आय प्रॉक्सी' रिकामं आलं पाहिजे.

घड्याळही 'टाइमडेटसीटीएल'ने बघून घ्या. पण घड्याळ चुकलं असेल तर ब्राउझर सर्टिफिकेटच्या नावाने लगेच ओरडतो, असा ताटकळत बसत नाही. त्यामुळे इथे ती शक्यता कमीच.

फायरफॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात नेमकं काय लिहून येतं तेही सांगा. 'लुकिंग अप'वर अडकला तर डीएनएस, 'कनेक्टिंग'वर अडकला तर रस्ता किंवा फायरवॉल, 'टीएलएस हँडशेक'वर (एनक्रिप्शन ठरवायची सुरुवातीची बोलणी) अडकला तर गोष्ट वेगळी.

साधा_वापरकर्ता
होस्ट्स फाइल स्वच्छ आहे, प्रॉक्सी नाही, घड्याळ बरोबर. डीएनएसचे पत्ते जुळतात, एक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) आणि एक आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा). अडकतं ते 'परफॉर्मिंग टीएलएस हँडशेक'वर.

टर्मिनलकाका
मग डीएनएस सोडा. पुढच्या दोन कमांड याच क्रमाने चालवा, आणि त्याआधी दहा मिनिटं ती साईट ब्राउझरमध्ये उघडू नका. का ते नंतर सांगतो.

'कर्ल -४ -व्ही -ओ /डेव्ह/नल' आणि पुढे साईटचा पूर्ण पत्ता. मग तेच '-६' लावून. कर्ल पान टर्मिनलमधूनच मागवतं; '-४' म्हणजे फक्त आयपीव्ही४ वरून, '-६' म्हणजे फक्त आयपीव्ही६ वरून.

पिंग जातो यावर फार विसंबू नका. साधा पिंग ५६ बाइटचा माल नेतो. सायकल गल्लीतून गेली म्हणजे ट्रक जाईलच असं नाही.

साधा_वापरकर्ता
'-४' ने अर्ध्या सेकंदात पान आलं. '-६' ने 'कनेक्टेड' येतं, मग 'टीएलएस हँडशेक, क्लायंट हॅलो' (आपल्याकडून जाणारा पहिला निरोप) ही ओळ, आणि तिथेच थांबतं.

विंडोसोड
आयपीव्ही६ बंद करून टाका, विषय संपला. नेटवर्क सेटिंगमध्ये 'डिसेबल'.

टर्मिनलकाका
साईट उघडेल, पण विषय संपणार नाही. आयपीव्ही६ वर कनेक्शन जुळतंय, म्हणजे रस्ता आहे. मोठं पॅकेट तेवढं पोचत नाही. ब्राउझर आयपीव्ही६ जमलं नाही तर आयपीव्ही४ कडे वळतो खरा, पण ते कनेक्शन जुळेपर्यंतच. एकदा जुळलं की तो तिथेच वाट बघत बसतो.

आता हे चालवा: 'पिंग -६ -एम डू -एस १४५२ साईट'. १४५२ माल, ८ आयसीएमपीचे (पिंग आणि चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) आणि ४० आयपीव्ही६ हेडरचे, एकूण १५००. मग हेच १४४४ ने. दुसऱ्या खिडकीत 'सुडो टीसीपीडम्प -एनआय ईएनपी३एस० आयपी६ अँड टीसीपी पोर्ट ४४३' लावा, त्यात येणारी-जाणारी पॅकेटं दिसतील. पिंगनंतर पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि मग कर्ल. ईएनपी३एस० च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव, ते 'आयपी लिंक'मध्ये दिसेल.

आणि एक प्रश्न: या मशीनला आयपीव्ही६ पत्ता हाताने दिलाय का?

साधा_वापरकर्ता
हो. बाहेरून एसएसएच (दुरून लॉगिन) करता यावं म्हणून नेटवर्क मॅनेजरमध्ये 'मॅन्युअल' करून पत्ता आणि गेटवे टाकलेत.

१४५२ ला राउटरकडून 'पॅकेट टू बिग, एमटीयू १४९२' (एमटीयू म्हणजे एका पॅकेटाची कमाल लांबी). १४४४ ला उत्तर येतं. टीसीपीडम्पमध्ये आमच्या पहिल्या पॅकेटात 'एमएसएस १४४०' (हेडर सोडून एका पॅकेटात चालणारा कमाल माल) आहे. क्लायंट हॅलोनंतर समोरून ६१२ लांबीचं एकच पॅकेट आलं आणि आमच्याकडून 'अ‍ॅक १, सॅक २८८१:३४९३' गेलं.

टर्मिनलकाका
सापडलं. ती शेवटची ओळच सगळं सांगते. सर्व्हरने सर्टिफिकेटसकट तीन पॅकेटं पाठवली: १४४०, १४४० आणि ६१२. पहिली दोन वाटेत गळाली, शेपटी तेवढी पोचली. तुमचं मशीन म्हणतंय, २८८१ पासूनचं मिळालं, आधीचं कुठाय?

पीपीपीओईचं हेडर ८ बाइटचं. म्हणून १५०० ऐवजी १४९२ च मावतात. तुमच्या मशीनला हे ठाऊक नाही, ते सर्व्हरला सांगतं '१४४० पर्यंत चालेल' (१५०० वजा ४० वजा २०). सांगायला हवं होतं १४३२. सर्व्हर पूर्ण १५०० चं पॅकेट पाठवतो, ते प्रोव्हायडरच्या टोकाला अडतं. आयपीव्ही६ मध्ये मधला राउटर पॅकेट तोडत नाही, पाठवणाऱ्याला 'पॅकेट टू बिग' कळवतो. चांगल्या साईट्स ते ऐकून लहान पॅकेटं पाठवतात, म्हणून बाकी सगळं चालतं. या साईटच्या फायरवॉलने बहुधा आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवलंय. निरोप पोचतच नाही.

मग फोनवर का चालतं? राउटर आपल्या राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमध्ये एमटीयू १४९२ जाहीर करतो, आणि फोन व विंडोज ते घेतात. तुम्ही 'मॅन्युअल' केल्यावर नेटवर्क मॅनेजर त्या जाहिराती वाचतच नाही. खात्री करायची तर 'एनडिस्क६' पॅकेज टाकून 'सुडो आरडिस्क६ ईएनपी३एस०' चालवा, त्यात एमटीयूची ओळ दिसेल. आयपीव्ही४ ला बहुतेक राउटर एमएसएस आपणहून कापून १४५२ करतात, म्हणून '-४' सुरळीत.

आता दहा मिनिटांचं. क्रोम १२४ पासून हँडशेकमध्ये क्वांटमरोधक चावी जाते, ती एकटीच ११८४ बाइटची. त्यामुळे ब्राउझरचा क्लायंट हॅलो एका पॅकेटात मावत नाही, पहिलं पॅकेट १५०० चं होतं आणि तुमचाच राउटर 'पॅकेट टू बिग' म्हणून परत पाठवतो. लिनक्स ते ऐकतो आणि त्या पत्त्यापुरतं १४९२ हे ६०० सेकंद लक्षात ठेवतो. तेवढ्यात रीलोड केलं की नवं कनेक्शन १४३२ सांगतं आणि साईट उघडते. मुदत संपली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. १४५२ च्या पिंगनेही हेच होतं, आणि मग माणूस म्हणतो 'आपोआप बरं झालं'. 'आयपी -६ रूट गेट' आणि पुढे साईटचा आयपीव्ही६ पत्ता दिलात तर 'एमटीयू १४९२' आणि उरलेले सेकंद दिसतात.

मिंटवाली
'टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग' १ करून नाही का भागणार? बऱ्याच ठिकाणी तोच उपाय सांगतात.

टर्मिनलकाका
नाही. ती सेटिंग आपण पाठवतो त्या पॅकेटांसाठी आहे. इथे गळतायत सर्व्हरकडून येणारी. 'गाय.कॉन्फ'मध्ये आयपीव्ही४ ला वर आणायचा उपायही सांगतात, पण ब्राउझर ते मानेलच याचा भरवसा नाही.

आधी तात्पुरतं करून बघा: 'सुडो आयपी लिंक सेट डेव्ह ईएनपी३एस० एमटीयू १४९२'. लगेच 'कर्ल -६'. पान आलं तर निदान पक्कं. ही सेटिंग रीस्टार्टनंतर राहत नाही.

कायमचं करताना एमटीयू हाताने कोंबू नका, स्थिर पत्त्याची पद्धत बदला. 'एनएमसीएलआय कॉन मॉड "वायर्ड कनेक्शन १"' आणि त्यापुढे एकाच ओळीत: 'आयपीव्ही६.मेथड ऑटो', 'आयपीव्ही६.अ‍ॅड्रेसेस ""', 'आयपीव्ही६.गेटवे ""', 'आयपीव्ही६.अ‍ॅड्र-जेन-मोड ईयूआय६४', 'आयपीव्ही६.टोकन ::१०'. मग 'एनएमसीएलआय कॉन अप' आणि तेच नाव. टोकनमुळे पत्त्याचं शेपूट कायम ::१० राहतं, पुढचा भाग राउटरकडून येतो. ईयूआय६४ नाही लावलं तर टोकन लागू होत नाही, बरेच जण तिथे अडकतात.

साधा_वापरकर्ता
तात्पुरत्या एमटीयूने लगेच उघडली. मग एनएमसीएलआयचं करून रीस्टार्ट मारला, तरी 'आयपी लिंक'मध्ये १५०० च दिसतंय?

टर्मिनलकाका
ते बरोबर आहे. १५०० हा कार्डाचा आकडा. जाहिरातीतून आलेला आयपीव्ही६ चा आकडा वेगळा ठेवला जातो: 'सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.ईएनपी३एस०.एमटीयू'.

साधा_वापरकर्ता
१४९२ आलं. 'कर्ल -६' चालतंय, टीसीपीडम्पमध्ये आता 'एमएसएस १४३२'. एसएसएचही ::१० वर लागतं.

मिंटवाली
एसएसएचसाठी एक: प्रोव्हायडरने पत्त्याचा पुढचा भाग बदलला की बाहेरून वापरायचा पूर्ण पत्ताही बदलेल. डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाशी जोडून ठेवणारी सेवा) लावून ठेवा. राउटरच्या फायरवॉलमध्ये पूर्ण पत्त्यावर नियम लिहिला असेल, तर तोही तेव्हा बदलावा लागेल.