गॅस गीझर: टकटक होते, पण पेटत नाही

प्रश्न: ६ लिटरचा गॅस गीझर, सिलिंडरवर. नळ सोडला की ठिणगीचा आवाज येतो, बर्नर पेटत नाही. कधी पेटलाच तर चार-पाच सेकंदांत विझतो. सिलिंडर भरलेला आहे.

– आधी सेल बदला. मोठे, १.५ व्होल्टचे दोन, अल्कलाइन. उतरलेल्या सेलवर ठिणगी पडते, पण गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) उघडत नाही, म्हणून फसगत होते. सेलच्या डब्यातल्या पट्ट्यांवर हिरवट गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा.

– पेटून लगेच विझतो म्हणजे बहुधा ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरची दांडी. ठिणगीच्या पिनेशेजारीच असते. तिच्यावर काजळी धरली किंवा ती ज्योतीबाहेर वाकली, की सर्किटला ज्योत कळत नाही आणि गॅस बंद होतो. गॅस बंद करून, गार झाल्यावर दांडी पुसा.

– आणि टकटकच नसती, तर पाण्याकडे बघायचं. इनलेटची, म्हणजे पाणी आत येतं तिथली, जाळी क्षाराने बुजते. काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. जाळी साफ, तरी गप्प? मग आतला रबरी डायफ्राम (पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा) कडक झालाय. तो ठिणगी सुरू करणारा छोटा मायक्रोस्विच दाबत नाही. हे काम मेकॅनिकचं.

– ज्योत निळी आहे ना? पिवळी असेल तर वापर थांबवा. बर्नर किंवा वरच्या तांब्याच्या पात्या चोंदल्यात, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो. गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो आधी बाहेर हलवा, दुरुस्ती नंतर.

– पुढे सिलिंडरऐवजी पाइप गॅस घेणार असाल तर बर्नरचे जेटही (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतील.