चार दोऱ्यांचा पतंग सारखा डावीकडे वळतोय, कापड ताणू की रॉड बदलू?

अर्धवट_हवेत
नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या पतंगाचा प्रश्न नाहीये, आधीच सांगतो. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास असतो, मागच्या उन्हाळ्यात बर्कलीला सीझर चावेझ पार्कात काही लोक चार दोऱ्यांचे पतंग उडवत होते ते बघून डोकंच फिरलं. पतंग हवेत जागच्या जागी उभा, मग उलटा होऊन गवताच्या हातभर वर थांबलेला, मग आला त्याच वाटेने मागे मागे. आपण सोलापुरात गच्चीवर वाढलेले, ढील द्यायची आणि खेचायचं यापलीकडे काही माहीत नाही.

तर मी एक सेकंडहँड रेव्ह १.५ घेतला (रेव्होल्यूशन कंपनीचा चार दोऱ्यांचा पतंग). वरच्या आडव्या दांडीत तीन रॉड एकात एक घालायचे, खाली दोन उभे, एकूण पाच, पंखापासून पंखापर्यंत ९३ इंच. दोऱ्या १२० फुटी, ९० पाउंड ताण सहन करणाऱ्या. आणला तेव्हा कापडावर सुरकुत्या होत्या म्हणून मी टोकांच्या इलास्टिकला जास्तीच्या गाठी मारून सगळं तबल्यासारखं चढवलं. आता दिसायला झकास, पण उडवला की डावीकडे वळत राहतो, उलटा धरला की दोन सेकंदात गिरकी घेतो, आणि रिव्हर्स तर घेतच नाही, नुसता फडफडतो. दुपारी वारा वाढला की दांडी धनुष्यासारखी वाकते. ३-रॅपचे, म्हणजे कार्बनचे तीन थर गुंडाळलेले जाड रॉड घ्यावेत का? सध्या २-रॅप आहेत. बायको म्हणते आधी उडवायला शीक मग खर्च कर.

चारदोरी
वहिनींचं ऐका :)

रॉड घेऊ नका आत्ता. एका बाजूला वळणाऱ्या पतंगात मी तरी सगळ्यात आधी दोऱ्या बघतो. जमिनीत एक स्क्रूड्रायव्हर ठोका, चारही दोऱ्यांचे लूप त्यात अडकवा, दुसरीकडची चारही टोकं एकत्र धरून चांगली खेचून ठेवा मिनिटभर आणि मग बघा कुठली मागे राहते ते. डायनीमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी सुरुवातीला ताणली जाते, आणि त्याहून जास्त म्हणजे टोकाच्या स्लीव्हमधल्या (दोरीवर चढवलेल्या नळीतल्या) गाठी आवळत जातात, प्रत्येक गाठ सारखी आवळत नाही. जी लांब निघेल तिची गाठ सरकवून ती आखूड करा. दोन बोटांचा फरकसुद्धा या पतंगाला पुष्कळ होतो, कारण वरच्या दोन दोऱ्या वजन घेतात आणि खालच्या दोन ब्रेक. डावी वरची लांब झाली म्हणजे डाव्या अंगाला कायम ब्रेक लागल्यासारखंच झालं, वळणारच डावीकडे.

आणि खात्री करायची असेल तर पतंगाकडच्या बाजूला डावी-उजवीची अदलाबदल करा. वरच्या दोन आपसात, खालच्या दोन आपसात. आता उजवीकडे ओढायला लागला तर दोष दोऱ्यांचा. तरीही डावीकडेच गेला तर पतंगात काहीतरी आहे. मी स्वतः हे न करता एक अख्खा सीझन उभे रॉड बदलत बसलो होतो.

रिव्हर्सचं वेगळं आहे. तुमच्या हँडलवर वरच्या बाजूला गाठींची छोटी दोरी असेल. वरची लाईन हँडलपासून एक गाठ लांब न्या, म्हणजे खालची आपोआप लवकर ताणात येते आणि ब्रेक वाढतो. एका वेळी एकच गाठ. फार लांब नेलीत तर पतंग वर चढायलाच कंटाळेल, मग परत एक गाठ आत. सुरुवातीला लोक ब्रेक अगदी कमी ठेवतात, कारण पतंग पुढे सुसाट पळतो ते छान वाटतं, पण मग तो थांबत नाही.

येवलेकर_आसारी
मी हे चार दोऱ्यांचं कधी उडवलं नाही, पण येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस छतावर काढलेला माणूस म्हणून बोलतो. तुम्ही कापड तबल्यासारखं चढवलं तिथंच गडबड वाटते. आमच्याकडे पतंग घेताना आम्ही डोक्याच्या कामटीला दोन्ही बाजूनं अंगठा लावून बघतो, एक बाजू जड वाकली की ती पतंग त्या बाजूला कन्नी खाणार, मग कागदाचा तुकडा डकवून हलक्या बाजूला वजन द्यायचं. तुमच्याकडं कार्बन असला तरी हिशेब तोच ना? डावीकडची गाठ आणि उजवीकडची गाठ सारख्या अंतरावर आहेत का ते मोजलं का तुम्ही? आणि एक, त्या चार दोऱ्या घेऊन संक्रांतीला इकडं येऊ नका, मांजा लागला की एका सेकंदात साफ.

चारदोरी
येवलेकर दादांनी बरोबर पकडलंय, माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

जमिनीवर पालथा ठेवून बघा. उभा रॉड वाराच नसताना वाकलेला दिसला तर इलास्टिक जास्त ताणलंय. रॉड सरळ राहिला पाहिजे, टोकाची कॅप खाचेतून निसटू नये इतपतच ताण. आडव्या दांडीचंही तसंच, तिथे थोडं जास्त चालतं पण जमिनीवर कमान झाली तर नाही. पाच-सहा बारीक सुरकुत्या राहिल्या तर राहू द्या, वाऱ्यात भरला की त्यातल्या निम्म्या जातात. आणि कापड नायलॉनचं असेल तर सकाळच्या धुक्यात ते ओलावा घेऊन सैल पडतं, तुमच्या तिकडे उन्हाळ्यात धुकं असतंच, त्यामुळे सकाळी सैल दिसलं म्हणून गाठ मारलीत तर दुपारी उन्हात तेच कापड रॉडला वाकवतं. पॉलिएस्टरला हा त्रास फारसा नाही.

दोन्हीकडच्या गाठी टेपने मोजा. शिवाय आडव्या दांडीचे सांधे बघा, आतली जोडनळी पूर्ण बसली नसेल तर एक बाजू अर्धा सेंटीमीटर लांब होते आणि कापडाच्या आत असल्यामुळे दिसत नाही, बोटांनी चाचपावं लागतं. ब्रायडलची दोरी (पतंगावरच बांधलेली, जिला आपल्या चार दोऱ्या जोडतो ती) कुठल्या कॅपमागे अडकलीय का तेही बघा, घाईत उघडला की हमखास अडकते.

नुसतंच_बघणारा
वाऱ्यात दांडी वाकते हा दोष धरू नका हो. २-रॅप वाकतो म्हणूनच झोत आला की थोडी हवा सांडते आणि हाताला हिसका बसत नाही. ३-रॅपवर तोच झोत सरळ खांद्यात येतो. बर्कलीला दुपारी गोल्डन गेटमधून जो वारा घुसतो त्याला खरं तर जाळीचं व्हेंटेड कापड लागतं, रॉड नंतर. ते परवडत नसेल तर सकाळी अकराच्या आत जा.

एक मात्र करा, रॉड बदलायचेच झाले तर आडव्या दांडीचे तिन्ही एकाच प्रकारचे घ्या. एक ३-रॅप आणि दोन २-रॅप अशी खिचडी सेकंडहँडमध्ये सर्रास असते. तुमच्याकडे तपासलीत का? रॉडवर छाप पुसला असेल तर किचनच्या वजनकाट्यावर ठेवा.

अर्धवट_हवेत
उशिरा लिहितोय, वीकेंडला जाऊन आलो. क्रमाने सांगतो.

दोऱ्या: डावी वरची बाकी तिघींपेक्षा पाऊण इंच लांब निघाली. गाठ सरकवली. म्हणजे चारदोरी, तुमचं पहिलंच बरोबर, पण पूर्ण नाही, कारण अदलाबदल करून बघितलं तर डावीकडचं ओढणं निम्म्याहून कमी झालं पण गेलं नाही.

मग टेप घेऊन बसलो. डाव्या उभ्या रॉडच्या खालची गाठ मी उजवीपेक्षा जवळजवळ एक सेंटीमीटर आत मारली होती. मीच. जमिनीवर पालथा ठेवल्यावर डावा रॉड स्पष्ट वाकलेला दिसत होता आणि मी महिनाभर तो तसाच उडवत होतो. सगळ्या जास्तीच्या गाठी सोडल्या, नखं तुटायची वेळ आली, शेवटी काट्याने सोडल्या. आता सुरकुत्या परत आल्यात आणि पतंग सरळ जातो.

वजनकाट्यावर आडवे तिन्ही सारखे भरले, त्यामुळे खिचडी नाही. ब्रेकची एक गाठ बाहेर नेली, पाच फूट रिव्हर्स आला आणि मग जमिनीत नाक खुपसलं. पाच फूट म्हणजे माझ्यासाठी दिवाळी आहे.

उलटा हॉवर, म्हणजे उलटा धरून जागीच थांबवणं, अजून येत नाही, चार सेकंदांवर अंगठे गोंधळतात. डावा अंगठा दाबायचा की सोडायचा हे डोक्याला कळेपर्यंत पतंग फिरलेला असतो. यावर काही सराव आहे का, की नुसतं पडतच राहायचं?

चारदोरी
पडत राहायचं, पण गवतावर, वाळूवर नाही. वाळू सांध्यांत जाते. आणि उलटा धरायच्या आधी आठवडाभर फक्त सरळ उभा ठेवून जमिनीवर अलगद उतरवायची प्रॅक्टिस करा, दर वेळी दोन्ही टोकं एकाच वेळी टेकली पाहिजेत. एक टोक आधी टेकलं तर परत टेप काढा.