लॉग पुसला, तरी डिस्क १०० टक्केच का?

लिनक्स सर्व्हरवरचा ४० जीबीचा लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल, आरएम या फाइल पुसायच्या कमांडने उडवला, डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) वापर कमी झालेला दाखवतो, पण डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) अजून १०० टक्क्यांवरच, असं तुम्ही लिहिलंय. डीयू आणि डीएफ दोन्ही खरंच सांगताहेत. आरएम फक्त फाइलचं नाव काढतो. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडी धरलेली असेल तोवर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिचे ब्लॉक (डिस्कवरची जागा) सोडत नाही. डीयू नावं धरून मोजतो, डीएफ ब्लॉक मोजतो.

सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून एलएसओएफ ही उघड्या फाइल दाखवणारी कमांड चालवा, पुढे अधिकचं चिन्ह, मोठा एल आणि १. नाव गेलेल्या पण उघड्या फाइल पीआयडीसकट (प्रोसेसच्या क्रमांकासकट) दिसतील. ती प्रोसेस एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल द्या. तो लॉग नव्याने उघडतो, सेवा बंद पडत नाही. बाकी बऱ्याच सेवा रीस्टार्टच कराव्या लागतात. कृपा करून घाईत सर्व्हर रीबूट करू नका.

पुढच्या वेळी आरएमऐवजी ट्रंकेट ही फाइल न काढता रिकामी करणारी कमांड वापरा, साइज शून्य देऊन. यातही एक खोच आहे: प्रोग्रॅमने फाइल अपेंड मोडमध्ये (दर वेळी शेवटाला जोडत लिहायच्या पद्धतीने) उघडलेली नसेल तर तो जुन्याच ठिकाणापासून पुढे लिहितो. मग फाइलींची यादी देणारा एलएस पुन्हा ४० जीबी दाखवतो, प्रत्यक्षात मधला भाग पोकळ असतो.

कायमचा उपाय लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग ठरावीक वेळाने आपोआप बाजूला काढणारं साधन. त्यातला कॉपीट्रंकेट (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणारा पर्याय) सोपा वाटतो, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवतात. म्हणून जमेल तिथे पोस्टरोटेटमध्ये (लॉग बदलल्यानंतर चालणाऱ्या कमांडच्या भागात) सिग्नलच द्या.